वरच्या मजल्याचे दिवे

फाटकाशी गाडी थांबली, तसे धाकट्याने सवयीने आधी बूट टबातल्या पाण्यात बुडवले. त्याच्या मागून त्याच्या बायकोने, धाकटीने, मग आक्काने, मग पिल्लूने. चौघंही ओळीने पाय बुडवून आत आली आणि त्यात काही विचित्र आहे असं कोणालाही वाटलं नाही.

कोंबड्यांवर रोग येऊन गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण रोगाने लावलेली शिस्त टिकली होती. फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे जायचं नाही. गेलंच तर फाटकाशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, पुढच्या खोलीत बसायचं, चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. मागच्या अंगाला, शेडकडे, गोदामाकडे फिरकायचं नाही. एका घरची माती दुसऱ्याच्या शेडला लागली की हजारो पक्षी आडवे होतात. सगळ्या गावाने हे पाळलं आणि गाव श्रीमंत झालं. रस्ते गुळगुळीत झाले, कुंपणं उंच झाली, फाटकांवर कॅमेरे आले. शेजारच्या घरात स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे हे मात्र आता कोणालाच सांगता आलं नसतं.

थोरलीकडे तर धंद्याचे पक्षीच उरले नव्हते. तिचा नवरा, म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ, वारला, पाठोपाठ त्याच्या शेड विकल्या गेल्या आणि तिच्याकडे राहिला तो टेकाडावरचा हा दुमजली बंगला. तरी तिच्या फाटकाशी टब भरलेला होता.

पिल्लू टबापाशी वाकली. "बाबा, या पाण्याला औषधाचा वासच नाही. साधं पाणी आहे हे."

"औषध संपलं असेल. चल, उशीर होतोय."

पिल्लू म्हणजे धाकट्याची एकुलती एक लेक. तिशी उलटली, पुढच्या महिन्यात लग्न, तरी कोंबड्यांच्या घरात जन्मली म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. शहरातल्या सरकारी कार्यालयात तिचं काम एकच: कोणत्या घरात माणूस एकटं पडलंय, कोणाच्या घरी दोन वेळचं शिजत नाही, ते शोधायचं आणि मदत पोचवायची. स्वतःच्या गावात तिला एकही घर शोधावं लागलं नव्हतं. गावाचा कारभार तिच्या बापाकडेच होता. त्याने तिच्या साहेबांना एका संध्याकाळी टेकाडावर नेऊन खाली लुकलुकणारे दिवे दाखवले होते आणि विचारलं होतं, "सांगा साहेब, यातलं गरीब घर कोणतं?" साहेब हसले होते आणि गाव वगळलं गेलं होतं.

आज मात्र पिल्लू हट्टाने आली होती. मागच्या खेपेला मोठ्या आईने, म्हणजे थोरलीने, कप हातात दिला तेव्हा तिचं काडीसारखं मनगट दिसलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

*

थोरलीने पुढची खोली सकाळपासून तयार ठेवली होती. सोफ्यावरची चादर घट्ट ओढली होती, काचेच्या कपाटातल्या बश्या पुसल्या होत्या, आतल्या दाराचा जाड पडदा नीट सारखा केला होता. पडद्यापलीकडे कोणी जाता कामा नये, एवढंच तिला आज सांभाळायचं होतं. तीन वेळा तिने फोनवर नाही म्हटलं होतं. चौथ्यांदा धाकट्याने विचारलंच नाही. "आम्ही येतोय," म्हणाला.

ती कोट घालून बसली होती. घरातल्या घरात कोट, पण थंडीचे दिवस होते आणि कोट चांगल्या कापडाचा होता, म्हणून कोणी काही बोललं नाही.

"तू नाही घेत चहा, मोठी आई?" पिल्लूने विचारलं.

"मी आत्ताच घेतला गं. आणि दूध नासलं, म्हणून कोराच केलाय, चालेल ना?"

धाकट्याने घोट घेतला, बशीतलं बिस्किट उचललं आणि बोलायच्या नादात परत ठेवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"वहिनी, पाहुणे एकच रात्र राहणार. तुमचा वरचा मजला तसा रिकामाच आहे. नवऱ्यामुलाकडच्यांना मी शब्द देऊन बसलोय. हा बंगला अख्ख्या खोऱ्यातून दिसतो, येता येता त्यांनाही दिसला. इथेच उतरवतो म्हणालो."

रिकामा म्हणताच थोरलीने कोट अंगाभोवती ओढून घेतला. "रिकामा कशाने, भाऊजी? सामानाने भरलाय. पाय ठेवायला जागा नाही."

"मग पलंग आहेत ना वर?"

"पलंग पॉलिशला दिलेत."

आक्काने कप खाली ठेवला. आक्का या दोघा भावांची मधली बहीण, पलीकडच्या गावात दिलेली, आणि माहेरच्या प्रत्येक खुर्चीवर आजही डोळा ठेवून असलेली. "मागच्या वेळी आईचं कपाट पॉलिशला गेलं होतं. त्याच्या आधी तिचा आरसा. वहिनी, तुमचा पॉलिशवाला चंद्रावर राहतो का हो?"

धाकटा हसला. थोरलीही हसली, तिला हसावंच लागलं.

"वन्सं, चांगलं काम करणारा माणूस वेळ घेतोच."

"वेळ घेतो, का तिकडे दूर राहणाऱ्या तुमच्या मुलाकडे पाठवून दिलंत सगळं? माहेरचं आहे ते, मलाही विचारायला हवं होतं."

थोरलीची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बाहेरचं ऊन बागेच्या कडेला जाऊन पोचलं होतं. अंधार पडायच्या आत धाकट्याला शेडकडे जावंच लागतं. अंडी गोळा होतात तेव्हा मालक दारात नसला तर गडी ट्रे आपटतात. थोडं रेटायचं, एवढंच. दिवे लागायच्या आत ही माणसं फाटकाबाहेर पडली की झालं.

"राहू द्या ना," धाकटी मध्येच म्हणाली. "जाऊबाईंना त्रास कशाला? शहरातल्या हॉटेलात उतरवू मंडळींना."

"आणि माझं नाक?" धाकटा म्हणाला. "तू गप्प बस. तुला काय कळतंय त्यातलं."

धाकटीला हे नवं नव्हतं. ती त्या बशीकडे बघत होती. नवऱ्याने परत ठेवलेलं बिस्किट थोरलीने बोलता बोलता उचललं होतं आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून कोटाच्या खिशात टाकलं होतं. धाकटीने ते पाहिलं आणि नजर वळवली.

"बरं, पोतं पोचलं ना या महिन्याचं?" धाकट्याने आवाज मऊ केला. रागवल्यावर काहीतरी दिल्याची आठवण काढली की त्याला बरं वाटे. "कोंबड्या कशा आहेत तुमच्या?"

"छान आहेत."

"अंडी देतात?"

"देतात आपली थोडी."

"बघ आक्का. शेड गेल्या तरी वहिनींनी हौसेच्या चार कोंबड्या ठेवल्यात. त्यांच्या खाद्याचं, भरड्याचं पोतं मी कधी चुकवत नाही."

पिल्लूने खिडकीतून मागच्या अंगणाकडे बघायचा प्रयत्न केला, पण पुढच्या खोलीच्या खिडक्या फक्त रस्त्याकडे आणि बागेकडे होत्या. ऊन गेलं होतं. कोणी उठायचं नाव घेत नव्हतं.

"आपण वर जाऊन बघूनच घेऊ," धाकटा म्हणाला. "सामान असेल तर गडी पाठवून हलवतो."

"वर रंग ओला आहे," थोरली म्हणाली.

"आता रंगसुद्धा?" आक्का म्हणाली.

तेवढ्यात वर टक् असा आवाज झाला.

बागेतल्या गवतावर पिवळ्या उजेडाचा एक चौकोन पडला. आक्काने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. कोपऱ्यातल्या खोलीत दिवा लागला होता.

"वर कोण आहे?"

"कोणी नाही," थोरली म्हणाली.

"मग दिवा कोणी लावला?"

परत टक्. पहिल्या चौकोनाशेजारी दुसरा पडला. सगळे छताकडे बघत होते आणि पावलांचा आवाज कुठे येतो का ते ऐकत होते. पाऊल वाजत नव्हतं. थोडा वेळ गेला आणि जिन्याजवळच्या खोलीतला दिवा लागला. कोणीतरी एका खोलीत जावं, दिवा लावावा, तिथे काहीतरी शोधावं आणि मग सावकाश पुढच्या खोलीत जावं, असं चाललं होतं. फक्त धाकटीने वर पाहिलं नव्हतं. ती मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती.

"वहिनी," धाकट्याचा आवाज एकदम लहान झाला, "मुलगा आलाय का तुमचा? आला असेल तर सांगा ना. आम्ही रागावणार नाही. लपून कशाला राहायचं त्याने?"

हो म्हणावं, असं थोरलीला क्षणभर इतकं वाटलं की तोंड उघडलंही. हो, आलाय, वर आहे, दमलाय, झोपू द्या. पण आक्का तोवर पडदा बाजूला सारून जिना चढायला लागली होती.

*

चोर पकडायला निघालेल्या माणसाचं पाऊल असतं तसं आक्काचं पाऊल जिन्यावर वाजत होतं. रंग ओला नव्हता. पहिलं दार तिने धाडकन उघडलं.

छताला एक दिवा आणि खिडकीला पडदा, बाकी काही नाही. पडदा स्वच्छ होता, इस्त्री केलेला होता, त्याची चांगली बाजू बाहेर रस्त्याकडे होती. खोलीच्या बाजूला नुसतं अस्तर दिसत होतं. आक्का दुसऱ्या खोलीत गेली. तिथेही तेच. तिसरीत जमिनीवर चार खळगे होते, जड पलंगाच्या पायांनी वर्षानुवर्षं दाबून पाडलेले. तो पलंग तिच्या आईचा होता. याच पलंगावर तिचा जन्म झाला असं तिला लहानपणी सांगायचे. आक्का त्या खळग्यांच्या मध्ये उभी राहिली. सुनांना टोमणा मारायला तिने आयुष्यभर वापरलेली म्हण तिच्या जिभेवर आली, बडा घर पोकळ वासा, पण ती बोलवेना.

दाराजवळ भिंतीवर एक पांढरी डबी होती. आत गोल तबकडी बारीक कुरकुरत फिरत होती.

"धाकट्या," तिने हाक मारली. "वर ये जरा."

धाकटा आला, आणि खोली बघायच्या आधी त्याला ती डबी दिसली. त्याच्या सगळ्या शेडमध्ये तशाच डब्या होत्या. थंडीत दिवस लहान झाला की कोंबडी अंडी द्यायची थांबते. म्हणून शेडमध्ये टायमर लावतात. ठरल्या वेळी आपोआप दिवा लागतो, कोंबडीला वाटतं दिवस अजून सरला नाही, आणि ती देत राहते. ही युक्ती या खोऱ्यात थोरल्यानेच पहिल्यांदा आणली होती.

"हा शेडचा टायमर आहे," धाकटा म्हणाला.

"इथे कोणत्या कोंबड्या आहेत?"

धाकटा खिडकीपाशी गेला. पडदा सारला तर खाली त्याची स्वतःची शेड सरळ समोर दिसत होती, दारासकट. तो तिथून रोज संध्याकाळी इकडे बघत असे.

"आक्का, मी रोज बघायचो गं. वरचे दिवे एकेक लागले की म्हणायचो, वहिनी बऱ्या आहेत, घरात वावरताहेत. म्हणून खुशाली विचारायला कधी फोनसुद्धा केला नाही."

"म्हणजे अक्कल आपल्याला कोंबडीइतकीच," आक्का म्हणाली. तिने टोमणा म्हणून सुरुवात केली होती, पण शेवटाला ती पदराने डोळे पुसायला लागली.

*

पिल्लू पडद्यापलीकडे गेली ती जिन्याकडे वळलीच नाही. तिच्या कामात एक गोष्ट तिला पक्की कळली होती: माणूस कसं जगतं हे स्वयंपाकघरात कळतं.

स्वयंपाकघर गार होतं. ओटा पुसलेला, डबे रांगेत, सगळे रिकामे. गॅसच्या शेगडीची नळी कशालाच जोडलेली नव्हती. मागच्या बोळाच्या टोकाला एका दाराखालून तांबडा उजेड येत होता. पूर्वी तिथे अंड्यांची निवड व्हायची. पिल्लू लहानपणी त्या खोलीत थोरल्या काकांच्या मांडीवर बसून अंडं दिव्यासमोर धरून आतून तपासायला शिकली होती. तिने दार ढकललं.

छतावरून साखळीने टांगलेला पिल्लांचा तापदिवा होता. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना ऊब मिळावी म्हणून लावतात तो, बुटका, तांबडा. त्याच्या बरोबर खाली एक अरुंद खाट होती. खाटेवर दोन पांघरुणं आणि तिसरं जुन्या पोत्यांचं शिवलेलं. शेजारी विजेची शेगडी, तिच्यावर पातेलं, आणि भिंतीशी टेकवलेलं मक्याच्या भरड्याचं पोतं. पोत्यावर तिच्या बापाच्या गिरणीचा शिक्का होता. बाजूला चाळणी होती. पातेल्याच्या कडेला पिवळट लगदा वाळून चिकटला होता.

खोलीतून अंगणाकडे उघडणाऱ्या दाराला काच होती. काचेतून खुराडं दिसत होतं. त्याचं दार बिजागरीतून निखळून पडलं होतं आणि आतून गवत उगवून बाहेर आलं होतं.

पिल्लू ज्या घरांत रोज जात असे, तिथे तिला कधी रडू येत नसे. इथे तिला डोळे पुसावे लागले.

"तिथे थांबू नकोस, कपड्यांना वास लागेल," मागून थोरली म्हणाली. ती दाराला धरून उभी होती. तांबड्या उजेडात तिचा चेहरा फार लहान दिसत होता.

"मोठी आई, कोंबड्या कुठे आहेत?"

"कधीच्या मेल्या त्या. केव्हाच्या गोष्टी विचारतेस."

"मग भरडा?"

"मका मकाच असतो, बाळ. चाळून घेतला की छान शिजतो."

"आणि दादा? तो पैसे पाठवायचा ना तुला?"

"त्याचं त्यालाच पुरत नाही. मग फोन येईनासा झाला. तुम्ही त्याची खुशाली विचारायचात, आणि मी मनाचे निरोप सांगत राहिले. आधी विजेचं बिल भरते. वर अंधार दिसायला नको ना."

"तू मला सांगायचं होतंस. एक फोन करायचा. मी धावत आले असते."

"आली असतीस," थोरली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "टबात पाय बुडवले असतेस आणि पुढच्या खोलीत बसली असतीस. मीच बसवलं असतं तुला तिथे."

पिल्लूने तिचा हात धरला. कोटाची बाही आत भलतीच रिकामी होती.

*

थोड्या वेळाने सगळेच त्या खोलीत होते. जागा एका माणसापुरती होती, म्हणून पाचजण एकमेकांना खेटून होते. या घराण्यात माणसं इतकी जवळ कित्येक वर्षांत आली नव्हती. वरच्या टायमरचं सांगून आक्का खाटेच्या कडेला बसली होती. धाकट्याला आधी शिक्का दिसला, मग चाळणी, मग पातेलं. तो पोत्यापाशी खालीच बसला.

"मी तुम्हाला कोंबड्यांचं..." तो म्हणाला. आपण दर महिन्याला किती अभिमानाने हे पोतं गाडीत चढवायला सांगत होतो ते त्याला आठवलं, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो ताडकन उठला. लाज वाटली की धाकट्याला काहीतरी करावं लागे. "आजच पलंग मागवतो. उद्या माणसं लावून वरचा मजला भरून टाकतो. शेगडी, धान्य, सगळं. पण गावात कोणाला कळता कामा नये. आपल्या घरात असं झालं हे बाहेर गेलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"बाबा!" पिल्लू ओरडली. "तुम्हाला अजून गावाचंच पडलंय?"

"बरोबर बोलताहेत भाऊजी," थोरली म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही दुसरं काय केलं?"

पिल्लू दोघांकडे बघत राहिली. उपाशी माणूस आणि त्याची उपासमार लपवणारा माणूस एका बाजूला झाले होते, आणि समोर ती एकटी उरली होती. तेव्हा आजवर कधी तिची बाजू न घेतलेली आक्का बोलली.

"मूठ उघडा आता, वहिनी. आत काहीच नाही, झाकायचं काय?" ती खाटेवर पाय वर घेऊन बसली. "मी आज इथेच राहणार आहे. याच दिव्याखाली. माझ्या घरच्यांना कोणीतरी फोन करा. आणि धाकट्या, खायला आण काहीतरी आधी. माणसांचं आण."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ तिचे डोळे कोरडे होते. आता ती आक्काच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून रडायला लागली. धाकटा खिशातून मोबाइल काढून उभा राहिला, पण आकडे त्याला दिसत नव्हते.

पिल्लू मात्र दुसऱ्याच विचारात होती. "मोठी आई, वरच्या खोल्यांना टायमर काकांनी कधी बसवले?"

"मुलगा गाव सोडून गेला तेव्हा. खिडक्या अंधाऱ्या दिसायच्या, मला सहन होईना. तेव्हा ह्यांनी शेडमधले काढून लावून दिले."

"अजून कोणाकडे बसवले त्यांनी?"

थोरलीने डोळे पुसले. "कोणी मागितले तर द्यायचे. मागणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, असं म्हणायचे."

पिल्लूने अंगणाकडचं दार उघडलं. गार वारा आत आला. टेकाडाखाली गाव पसरलं होतं आणि संध्याकाळचे दिवे लागत होते. बरेचसे कसेही लागत होते. इथे एक, तिथे दोन, एखादा लागून परत विझत होता, जसे घरात माणसं असली की लागतात. पण डेऱ्यासारख्या छपराच्या त्या मोठ्या घरात आधी कोपऱ्यातली खिडकी उजळली. मग थोड्या वेळाने शेजारची. मग जिन्याजवळची. तेवढाच वेळ, तोच क्रम.

"ते पक्ष्यांच्या डॉक्टरांचं घर ना?" पिल्लू म्हणाली.

"डॉक्टरांचं," धाकटा तिच्या मागे येऊन म्हणाला. "मुलांनी भरलेलं घर आहे ते."

"शेवटचं कधी आत गेला होतात?"

तलावापलीकडच्या बंगल्यात कोपऱ्यातली खिडकी उजळली. ते दोघे शेजारच्या खिडकीकडे बघत राहिले. ती उजळली. मग जिन्याजवळची. चढावरच्या लाल छपराच्या घरात तसंच झालं. उजेड एका घरातून दुसऱ्या घरात असा फिरत होता, आणि कोणत्याही खिडकीत माणसाची सावली पडत नव्हती. धाकट्याला वाटलं, आपण या गावाचा कारभार बघतो म्हणतो, आणि हे गाव आपण आज पहिल्यांदाच बघतोय.

मग शेडच्या पलीकडे, आंब्याच्या झाडामागे, आणखी एक कोपऱ्यातली खिडकी उजळली.

"बाबा," पिल्लू हळूच म्हणाली, "आपल्या घरात कोण आहे?"

घरात कोणीच नव्हतं. सगळे इथेच होते. शेजारची खिडकी लागली. धाकट्याने वळून बायकोकडे पाहिलं. "दिवे चालू ठेवून आलीस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "मी सगळे बंद करून आले होते."

जिन्याजवळची खिडकी उजळली. ती पूर्वी पिल्लूची खोली होती.

"आई?"

"तू शहरात गेलीस त्या थंडीत मोठ्या भाऊजींकडून टायमर बसवून घेतला," धाकटी म्हणाली. ती खालच्या त्या खिडक्यांकडे बघत होती, जशा परक्याच्या खिडक्या बघाव्यात. "रोज अंधार पडला की खोल्याखोल्यांतून दिवे लावत फिरायला नको वाटायचं. लावून कोणासाठी ठेवायचे? मी आपली मागे ओट्याशी बसून राहायचे."

"पण मी शेडमधून बघायचो," धाकटा म्हणाला. त्याला ते पटतच नव्हतं. "वर दिवा दिसला की मला वाटायचं तू वर आहेस, काही आवरते आहेस, तुझं बरं चाललंय. म्हणून तर मी आणखी थोडा वेळ थांबायचो तिकडे."

"माहीत आहे मला. दिवा दिसला की तुम्ही येत नाही. म्हणून मग एकदा मी तो काढून ठेवला होता. बरेच दिवस घर अंधारात ठेवलं. म्हटलं, बघू."

"मग?"

"मग तुमचा शेडवरून फोन आला. म्हणालात, घरात अंधार दिसतोय, फ्यूज गेला असेल, माणूस पाठवतो."

धाकट्याला तो फोन आठवत होता. त्याने खरंच माणूस पाठवला होता.